विकत घ्या आणि किंमत जाहीर करा

नाताळच्या सुट्टीत, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, पुण्याहून आलेल्या काका-काकूंना घेऊन मी सिडनीहून कॅनबेराला गेले होते. संसद भवन पाहून झाले, तळ्याकाठच्या झाडाखाली डबा खाऊन झाला आणि उन्हाने डोके तापले म्हणून आम्ही नॅशनल गॅलरीच्या थंडगार दालनांत शिरलो. अमेरिकी चित्रकार जॅक्सन पोलॉक यांच्या ‘ब्लू पोल्स’समोर आल्यावर काकांनी आधी चष्मा पुसला, मग भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक नजर फिरवली आणि विचारले, “कितीला घेतलं हे?” १९७३ साली १३ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरला, असे मी सांगितले. काकांची सगळी नोकरी एका बँकेच्या कर्ज विभागात गेली. तारण म्हणून दाखवलेल्या जमिनीवर प्रत्यक्षात नुसता खडक निघाला, तर अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर जे भाव येत असतील, तेच त्यांच्या चेहऱ्यावर आले. “आणि आज विकलं तर?” २०१६ साली ते सुमारे ३५ कोटी डॉलरचे असल्याचे सांगितले जात होते, असे मी म्हटले. काका दोन पावले मागे सरकले, हात पाठीमागे बांधले आणि त्यांनी चित्राकडे पुन्हा एकदा, या वेळी चांगले निरखून पाहिले. “मग चांगलंच आहे की,” ते म्हणाले.

या दोन नजरांच्या मध्ये भिंतीवरचे चित्र तसूभरही बदलले नव्हते, आणि ते मला पुढे बरेच दिवस सलत राहिले. काकांना हसण्याचा अधिकार मला आहे, असे मात्र वाटत नाही. त्या इमारतीत शेकडो कलाकृती आहेत. त्यांपैकी इतरांना ओलांडून मी पाहुण्यांना थेट याच चित्रापुढे का उभे केले? चित्र मला आवडते, हे खरेच; पण त्याला चिकटलेली ती रक्कम नसती, तर मी स्वतः तरी पहिल्यांदा तिथे गेले असते का, याचे उत्तर मला छातीठोकपणे देता येणार नाही. हे चित्र किमतीच्या दारातूनच पाहावे लागते. पन्नास वर्षे सगळा देश त्याच दारातून आत आला आहे.

काकूंनी मात्र तो दरवाजा वापरला नाही. आमचे बोलणे चालू असताना त्या उजव्या बाजूने चित्राच्या शक्य तितक्या जवळ गेल्या होत्या आणि मान तिरकी करून काहीतरी शोधत होत्या. “अगं, इथे काच आहे बघ,” त्या म्हणाल्या. खरोखरच होती. रंगाच्या जाड, सुरकुतलेल्या सायीत काचेचा एक तुकडा रुतलेला होता, त्याच्या कडेला काळा एनॅमल रंग साचून घट्ट झालेला होता आणि काकूंनी डोके हलवले की तो चमकून पुन्हा विझत होता. तेवढ्यात तिथल्या कर्मचाऱ्याने हाताने, अगदी सौम्यपणे, मागे होण्याची खूण केली. काकू मागे झाल्या, पण त्यांची नजर सुटली नाही. एवढे मोठे चित्र, लांबी जवळजवळ पाच मीटर आणि उंची दोन मीटरहून थोडी अधिक. ते दुरून पाहताना आधी आठ खांबच दिसतात, गडद निळे, कुणी इकडे कललेले, कुणी तिकडे, वादळानंतर माळावर उरलेल्या कुंपणासारखे. त्यांच्या कडा सरळ नाहीत. प्रत्येकाला बारीक काटे, फांद्या फुटल्या आहेत. खांबांच्या मागे नारिंगी, पिवळा, पांढरा, काळा असा धाग्यांचा गुंता आहे आणि त्यात ॲल्युमिनियमचा चंदेरी रंग आहे. छायाचित्रात हा चंदेरी रंग मेलेला, करडा दिसतो. प्रत्यक्षात आपण चित्रासमोरून चालत गेलो की तो आपल्याबरोबर चालतो, एके ठिकाणी उजळतो, दुसरीकडे मंदावतो. काही ओघळ सरळ खाली आलेले आहेत, म्हणजे त्या वेळी कॅनव्हास उभा असणार. बाकीचा रंग जमिनीवर आडव्या पसरलेल्या कापडावर वरून सोडलेला आहे. रंग ओला असताना कुणीतरी त्यावरून अनवाणी चालले होते, त्या पावलांच्या खुणाही त्यात आहेत, असे मी काकूंना सांगितले. त्यानंतर त्या पावले शोधत राहिल्या.

हे सगळे १९५२ साली न्यू यॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, स्प्रिंग्ज नावाच्या वस्तीत घडले. घरामागच्या जुन्या कोठाराचा पोलॉक यांनी स्टुडिओ केला होता. दोनेक वर्षे सुटलेली दारू पुन्हा सुरू झाली होती, ज्या रंगशिंपणाने नाव झाले त्यापासून ते मध्यंतरी काळ्या चित्रांकडे वळले होते आणि ती चित्रे फारशी खपली नव्हती. स्वयंपाकघरात मांसावर रस सोडायला वापरतात तशा काचेच्या पिचकाऱ्यांमध्ये पातळ रंग भरून ते कॅनव्हासवर रेघ ओढत. त्या पिचकाऱ्या फुटल्या आणि त्यांच्या काचा चित्रातच राहिल्या. काकूंना दिसलेला तुकडा त्यांपैकीच एक. खांब उमटले ते लाकडाच्या लांब फळीच्या कडेला निळा रंग लावून ती कॅनव्हासवर दाबल्यामुळे. चित्र आठवडा-पंधरवड्याच्या झपाट्यात झालेले नाही. अनेक बैठकांमध्ये, थरावर थर चढवत, मध्ये थांबून, नुसते बघत बसून ते झाले आहे. खांब अगदी शेवटी आले. गुंता हाताबाहेर गेला होता आणि त्याला कुठेतरी मेख मारायला हवी होती, असे ते खांब पाहताना मला दर वेळी वाटते. त्याच साली सिडनी जॅनिस यांच्या गॅलरीत हे चित्र ‘क्रमांक ११, १९५२’ या कोरड्या नावाने लागले. ‘ब्लू पोल्स’ हे नाव त्याला दोन वर्षांनी मिळाले.

पहिल्यांदा ते विकले गेले ६,००० डॉलरला. त्यानंतर काही वर्षांत बेन हेलर या संग्राहकाने ३२,००० डॉलर मोजून ते आपल्या न्यू यॉर्कमधल्या घरी आणले. ऑगस्ट १९५६ मध्ये पोलॉक दारूच्या अंमलात गाडी चालवत असताना घराजवळच्याच रस्त्यावर झाडावर आदळले आणि वयाच्या ४४ व्या वर्षी गेले. सोबत असलेल्या दोन तरुणींपैकी एकीचाही त्यात जीव गेला. चित्रकाराच्या दंतकथेत तिचे नाव फारसे कुणी घेत नाही, ही गोष्ट मला त्या चित्राच्या कोणत्याही किमतीपेक्षा जास्त खटकते.

१९७३ साली ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीला स्वतःची इमारतही नव्हती. संग्रह तेवढा जमवला जात होता आणि कार्यवाहक संचालक जेम्स मॉलिसन जगभरातून चित्रे हेरत होते. ‘ब्लू पोल्स’ त्यांच्या मनात भरले, हेलर विकायला तयार झाले, पण १० लाखांवरची खरेदी मंजूर करण्याचा अधिकार मॉलिसन यांना नव्हता. कागद पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांच्या टेबलावर गेला. २३ वर्षे विरोधी बाकांवर काढून मजूर पक्ष नुकताच सत्तेत आला होता आणि व्हिटलम यांना देशाचे सगळे काही एकदम बदलायचे होते, अगदी भिंतींवरची चित्रेसुद्धा. त्यांनी कागदावर शेरा मारला, “विकत घ्या आणि किंमत जाहीर करा.”

या शेऱ्याचा पहिला अर्धा भाग तसा कुणीही लिहिला असता.

दुसऱ्या अर्ध्यापाशी मी नेहमी अडखळते. सरकारी कागदपत्रांत रक्कम कुठे आणि कशी दडवायची, कोणत्या शीर्षाखाली घालायची, याचे शहाणपण कोणत्याही देशातल्या कारकुनाला उपजतच असते. इथे देशाचा पंतप्रधान स्वतःहून सांगतो की आकडा लोकांना कळू द्या. तो भाबडेपणा होता, अहंकार होता की आपल्या निवडीवरचा विश्वास होता? मला वाटते तिन्ही थोडे थोडे असावे. आकडा होता १३ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, त्या वेळचे सुमारे २० लाख अमेरिकी डॉलर. समकालीन अमेरिकी चित्राला तोवर कुणी एवढी रक्कम दिली नव्हती. विक्रम न्यू यॉर्कच्या कुठल्या धनाढ्याने नव्हे, तर मेंढ्या, गहू आणि खनिजांवर जगणाऱ्या एका दूरच्या देशाच्या तिजोरीने केला होता.

मग जे झाले, ते आपल्याकडे झाले असते तसेच झाले. वर्तमानपत्रे, संसद, दारूचे गुत्ते, केशकर्तनालये, सगळीकडे एकच विषय. माझे पोर यापेक्षा बरे रंगवते, हे वाक्य त्या वर्षी या देशात किती जणांनी उच्चारले असेल, याची गणती कुणी केलेली नाही. त्यात ऑक्टोबरमध्ये न्यू यॉर्कच्या एका नियतकालिकाने जुनी गोष्ट उकरून काढली. हे चित्र सुरू झाले ते पोलॉक आणि त्यांचे शिल्पकार मित्र टोनी स्मिथ यांच्या एका दारूच्या बैठकीत, पुढे चित्रकार बार्नेट न्यूमन यांनीही त्यावर थोडा रंग सोडला, अशी ती गोष्ट. सिडनीच्या एका सायंदैनिकाने लगेच मथळा दिला की आपली लाखमोलाची कलाकृती अनवाणी दारुड्यांनी रंगवली आहे. चित्रकाराची पत्नी ली क्रॅस्नर, त्या स्वतः मोठ्या चित्रकार, यांनी त्या गोष्टीचा ठाम इन्कार केला. पुढे संवर्धकांनीही चित्राची कसून तपासणी केली. खालच्या थरांत मित्रांचे काही फटकारे असलेच तर ते पोलॉक यांच्या रंगाखाली पार गाडले गेले आहेत. मला या वादात एकच गंमत वाटते. दारू पिऊन काढलेले चित्र म्हणून जे चिडले, त्यांतल्या बहुतेकांनी ती बातमी हातात बिअरचा ग्लास घेऊनच वाचली असणार.

पण त्या आरडाओरड्यात एक मोलाची गोष्ट घडून गेली, असे मला हल्ली वाटू लागले आहे. १९७४ साली चित्र देशात आले आणि सिडनी, मेलबर्न अशा शहरांतून फिरले, तेव्हा गर्दी उसळली. आलेल्यांत कलारसिक थोडे आणि आपला पैसा नेमका कुठे गेला ते बघायला आलेले करदाते जास्त. त्यांना त्या चित्राला नावे ठेवण्याचा हक्क होता, कारण ते त्यांचे होते. किंमत लपवली असती, तर चित्र गुपचूप भिंतीवर चढले असते आणि जाणकारांचेच राहिले असते.

इथे मला डिसेंबर २०१३ मधला मुंबईचा लिलाव आठवतो. वासुदेव गायतोंडे यांचे एक अमूर्त चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना गेले. आधुनिक भारतीय चित्राला लिलावात तोवर मिळालेली ती सर्वांत मोठी रक्कम होती. गिरगावच्या चाळीत वाढलेला, १९६४ मध्ये न्यू यॉर्कला जाऊन तिथली अमूर्त चित्रे पाहून आलेला, पुढे दिल्लीत एका खोलीत जवळजवळ एकांतवासात राहिलेला हा माणूस २००१ साली गेला होता. त्या कोटींमधला एक पैसाही त्याला दिसला नाही. बातमी आली त्या दिवशी आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या फोनवर अभिमानाचे संदेश फिरले, आपला गायतोंडे, आपला मराठी माणूस वगैरे. कुणी चिडले नाही. चिडायला कारणच नव्हते, पैसा खासगी होता. पण चित्रही खासगीच झाले. ज्यांनी अभिमान बाळगला, त्यांतल्या कुणालाही वाटेल तेव्हा जाऊन ते चित्र बघता येणार नव्हते, त्याच्याशी भांडता येणार नव्हते. भांडण नको असेल तर खासगी विक्रम बरा. मला वैयक्तिकदृष्ट्या ऑस्ट्रेलियन लोकांची ती शिवीगाळ जास्त श्रीमंत वाटते.

आणखी एक जुना धागा आहे. अमेरिकी चित्रकलेच्या दोन दशकांचे एक मोठे प्रदर्शन १९६६-६७ मध्ये न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने जगाच्या या भागात पाठवले होते. पोलॉक यांची चित्रे त्यात होती. जपाननंतर १९६७ साली ते नवी दिल्लीत ललित कला अकादमीत लागले आणि तिथून मेलबर्न व सिडनीला आले. म्हणजे त्या ओघळांशी दिल्ली आणि सिडनी यांची प्रत्यक्ष गाठ एकाच वर्षी, काही महिन्यांच्या अंतराने पडली. सिडनी-मेलबर्नच्या तरुण चित्रकारांवर त्या प्रदर्शनाचे गारूड बरीच वर्षे होते. सहा वर्षांनी या देशाने पोलॉक विकत घेतला त्यामागे तेही असणार. दिल्लीने काही विकत घेतले नाही. परकीय चलनाची आणि धान्याची चणचण असलेल्या त्या वर्षांत ते शक्यही नव्हते, आणि त्याबद्दल मला खंत नाही.

माझी तक्रार आहे ती चित्राच्या आजच्या मित्रांशी. ‘ब्लू पोल्स’चा विषय निघाला की ते ताबडतोब सांगतात, बघा, १३ लाखांचे ३५ कोटी झाले, व्हिटलम द्रष्टे निघाले. हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे आणि तो करताना समोरच्याचा चेहरा पडतो, म्हणून तो सगळ्यांना आवडतो. पण १९७३ चे टीकाकार तरी दुसरे काय म्हणत होते? या वस्तूची एवढी किंमत नाही, एवढेच. मित्र म्हणतात, आहे. दोघांची फूटपट्टी एकच. उद्या अब्जाधीशांची हौस फिरली आणि पोलॉक यांचा बाजार कोसळला, तर त्याच फूटपट्टीने व्हिटलम पुन्हा मूर्ख ठरतील आणि मित्रांना तोंड लपवावे लागेल. या बाजाराच्या लहरीवर विसंबावे असा तो आहेच कुठे? २०१५ मध्ये एकाच खासगी व्यवहारात पोलॉक यांचे एक चित्र २० कोटी डॉलरला आणि त्यांचे समकालीन चित्रकार डी कूनिंग यांचे एक ३० कोटी डॉलरला गेले. दोन्हींचा खरीददार एक. एका माणसाच्या इच्छेवर जगातल्या सगळ्या पोलॉक चित्रांचे भाव वर सरकतात, आणि त्यावरून पन्नास वर्षांपूर्वीचा एक सार्वजनिक निर्णय शहाणपणाचा ठरतो, हे मला मान्य नाही. निर्णय बरोबर होता, तर तो भाव वाढण्याच्या आधीही बरोबर होता.

परतीच्या वाटेवर गाडीत मी हे सगळे जरा तावातावानेच बोलले. काका मागच्या सीटवरून शांतपणे ऐकत होते. दोन्ही बाजूंनी उन्हात वाळून पिवळी पडलेली कुरणे मागे पळत होती. गोलबर्न जवळ आले तेव्हा ते म्हणाले, “तुझं म्हणणं समजलं. मला एक सांग, ते विकणार कधी?” मी म्हटले, कधीच नाही. “जे कधीच विकायचं नाही, त्याला ॲसेट म्हणत नाहीत गं. त्याचं व्हॅल्युएशन करून काय उपयोग? बँक असल्या गोष्टीवर रुपयासुद्धा देणार नाही.” मी विम्याचा मुद्दा काढला, १९९८ मध्ये न्यू यॉर्कला आणि २०१६ मध्ये लंडनला चित्र प्रदर्शनासाठी गेले, तेव्हा असा आकडा हवाच असतो. “म्हणजे जळालं किंवा हरवलं तरच त्याची ती किंमत,” काका म्हणाले. “भिंतीवर आहे तोवर शून्य.” मला वाटते, त्या चित्राविषयी मी ऐकलेले हे सर्वांत नेमके विधान आहे, आणि ते करणाऱ्या माणसाला चित्र अजिबात आवडले नव्हते. काकूंनी मध्येच सांगितले की त्यांना आवडले, पण घरात लावायला नको, धूळ फार धरेल.

काकांच्या हिशेबातला तो शून्य सगळ्यांना पटत नाही. २०१६ मध्ये चित्र लंडनच्या रॉयल अकादमीच्या भिंतीवर असतानाच इथल्या एका सिनेटरने सुचवले होते की ते आता विकून टाकावे आणि देशाचे कर्ज थोडे हलके करावे. हा सिनेटर लिबरल पक्षाचा, म्हणजे १९७३ साली जो पक्ष या खरेदीवर तुटून पडला होता त्याच पक्षाचा. चित्र महाग म्हणून तेव्हा घ्यायला नको होते, आणि आता ते महाग म्हणून ठेवायला नको. पण त्याच पक्षाच्या खात्यात दुसरीही एक नोंद आहे. १९७५ च्या नोव्हेंबरमध्ये गव्हर्नर जनरलनी व्हिटलम यांना पदावरून दूर केले, लिबरल पक्षाचे माल्कम फ्रेझर पंतप्रधान झाले आणि १९८२ साली कॅनबेराच्या तळ्याकाठी काँक्रीटची ती भव्य गॅलरी राणीच्या हस्ते खुली झाली, तेव्हा सत्तेवर तेच होते. बोलणी खाल्लेले चित्र त्यांच्याच राजवटीत आपल्या कायमच्या घरी आले. चित्र विकायची सूचना २०१६ मध्ये बारगळली आणि ते लंडनहून परत आले.

व्हिटलम यांनी स्वतः या सगळ्याला जे उत्तर दिले, ते भाषणात दिले नाही. खरेदीच्याच वर्षी, म्हणजे वर्तमानपत्रे अजून धगधगत असताना, पंतप्रधानांचे अधिकृत नाताळ भेटकार्ड छापायची वेळ आली. अशा कार्डांवर सहसा येशूजन्माचा देखावा असतो, किंवा इथल्या उन्हाला न शोभणारे बर्फ. व्हिटलम यांनी त्यावर ‘ब्लू पोल्स’ छापले आणि टपालात टाकले. वीतभर कागदावर काच दिसली नसणार, पावलांच्या खुणा दिसल्या नसणार, चंदेरी रंग तर छपाईत मेलेलाच असणार. आठ खांब मात्र पाकीट उघडणाऱ्या प्रत्येकाला, शिव्या देत का होईना, मोजता आले असतील.